उंच रिब, सपाट रिब आणि पाहुण्यांच्या चादरी

त्या संध्याकाळी दिवाणखान्यात पुढील गोष्टी होत्या: दोन दुनळी बंदुका, दोन्ही रिकाम्या आणि मधोमध बिजागरीवर उघडून गालिच्यावर आडव्या ठेवलेल्या, काडतुसांची चार खोकी, न फोडलेली, एक पोलादी फूटपट्टी, एक जोड नवेकोरे काळे गमबूट, एक मामा, एक भाची, आणि मामाच्या कपाळावर एक, नाकावर एक, गळ्यातल्या दोरीला एक, असे एकूण तीन चष्मे.

भाचीने हे सगळं मोजलं. चष्मे मात्र मोजले नाहीत. मामाचं खाली चष्म्यांचं दुकान. त्याच्या अंगावर चष्मे असणं म्हणजे झाडाला पानं असण्यासारखं. ती कोण मोजत बसतो?

"मामा, तू निश्चिंत राहा," भाची म्हणाली. तिने नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती आणि ती अजून अंगावर नवी होती. "रविवारच्या आत सांगते कुठली बंदूक घ्यायची ते. अंदाजपंचे नाही! पुराव्यानिशी!"

मामाने गमबुटांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

त्या सुस्काऱ्यामागे दोन वर्षांचा इतिहास होता. मामाला नेमबाजीचा नाद. गावाबाहेरच्या मैदानावर जमिनीत एक खड्डा आहे, त्यात एक यंत्र. ते मातीची तबकडी हवेत भिरकावतं आणि ती लांब पळून जायच्या आत नेमबाजाने छर्ऱ्यांनी फोडायची. पंचवीस तबकड्यांची एक फेरी. आता यंत्र झालं तरी त्यावर तबकड्या काही आपोआप चढून बसत नाहीत! त्यासाठी खड्ड्यात माणूस लागतो. नेमबाजी मंडळाचा नियम असा की वार्षिक सामन्यात जो शेवटचा येईल, त्याने पुढचं वर्षभर दर रविवारी खड्ड्यात बसायचं.

मामा लागोपाठ दोन वर्षं शेवटचा आला होता. खड्ड्यात असल्यामुळे सराव नाही, सराव नसल्यामुळे शेवटचा नंबर, आणि शेवटच्या नंबरामुळे पुन्हा खड्डा! खाली ओल, वर धडाम्‌ धडाम्‌, आणि मामाचे गुडघे तर असे झाले होते की उतरताना कुरकुरायचे आणि चढताना उघड उघड भांडायचे.

हा नियम केला होता मंडळाच्या चिटणिसाने. हा चिटणीस व्यवसायाने दंतवैद्य. आणि नात्याने? मामाचा साडू! मामीच्या ताईचा नवरा. गमबूट त्यानेच पाठवले होते. सोबत निरोप: "साडूभाऊ, जुने फाटले होते ना? यंदा आधीच घेऊन ठेवलेत. अगदी तुमच्या मापाचे!"

म्हणून मामाने जुनी बंदूक मोडीत काढली आणि बंदूकवाल्यांकडून दोन नव्या आठवड्याभरासाठी आणल्या होत्या. एक ठेवायची, दुसरी रविवारी, सामन्याच्या दिवशी, मैदानावरच परत.

"फरक काय आहे यांच्यात?" मामाने विचारलं. "मला तर दोन्ही सारख्याच जड वाटतात."

"नळीच्या माथ्यावरून टोकापर्यंत ही अरुंद पट्टी गेली आहे ना, ती रिब. नजर हिच्यावरून न्यायची." भाचीने फूटपट्टी उचलली. वर्गात शिकवावं तसा तिचा आवाज आपोआप चढला. "ही पहिली सपाट रिब. नळीला चिकटलेली. हिच्यासाठी मान खाली घालायची, गाल दस्त्यावर नीट टेकवायचा, मग नजर नळीवरून सरपटत पुढे जाते. बघशील तिथे छर्रे! निम्मे वर, निम्मे खाली."

"आणि ही दुसरी? पुलासारखी खांबांवर उभी आहे ती?"

"ही उंच रिब. दस्ताही उंच. त्यामुळे मान ताठ राहते. शिवाय हिचे छर्रे नेमाच्या जरा वर जातात. तबकडी वर चढत असते ना! ती नळीच्या टोकावरच्या मण्यावर बसल्यासारखी दिसली की बार काढायचा. नळीने तिला झाकायची गरजच नाही. थोडक्यात प्रश्न एवढाच, मामा: मान खाली की मान वर?"

"माझी लग्न झाल्यापासून खालीच आहे," मामा हळूच म्हणाला.

"मग सपाट घ्या!" स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला. "मिटला प्रश्न! जेवायला या!"

पण प्रश्न असा मिटला तर शास्त्र कशाला शिकायचं?

दोन्ही बंदुकांचे छर्रे मामाच्या हातून नेमके कुठे जातात, हे आधी पाहायला हवं होतं. त्यासाठी मोठं पांढरं कापड ताणायचं, मध्ये लाल फुली काढायची आणि ठरलेल्या अंतरावरून बार काढायचा. मग भोकांचा घोळका फुलीच्या वर की खाली, ते मोजायचं. इतकं सोपं! भाची मामीकडे गेली. मामी शेगडीपाशी उभी होती.

"मामी, चार चादरी घेऊ? प्रयोगाला हव्यात."

"घे बाई, कपाटात आहेत. मला काही विचारू नकोस, दूध वर येतंय."

कपाटात चादरींचे दोन गठ्ठे होते. एक धुऊन धुऊन पिवळट पडलेला, मऊसूत. दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत, दुधासारखा शुभ्र, घडीसुद्धा न मोडलेला. कापड जितकं पांढरं तितकी भोकं ठळक, आणि भोकं जितकी ठळक तितकं मोजमाप अचूक. कुठलाही प्रामाणिक शास्त्रज्ञ कुठला गठ्ठा उचलेल? भाचीने तोच उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान रिकामं होतं. भाचीने तीस मीटर टेपने मोजले. मग परत मोजले. मामाने प्रत्येक बंदुकीचे दोन-दोन बार काढले. निकाल पुस्तकातल्यासारखा! सपाट रिबची भोकं फुलीच्या बरोबर भोवती. उंच रिबची भोकं सोळा सेंटिमीटर वर.

"झालं की मग!" मामा खूश झाला. "तबकडी वर चढते, छर्रे वर जातात. उंच घेऊन टाकू. चल, चहा पिऊ."

"असं कसं?" भाची म्हणाली. "एकदा आलेलं उत्तर म्हणजे नुसती बातमी. दुसऱ्यांदा तेच आलं तर निष्कर्ष. परवा पुन्हा यायचं."

परवा पुन्हा गेले. तीच जागा, तीच काडतुसं, तोच मामा. आणि निकाल?

सपाट रिबची भोकं अठरा सेंटिमीटर वर! उंच रिबची अकरा सेंटिमीटर खाली!

भाची चादरीसमोर अशी उभी राहिली, जशी एखादी बाई लग्नात दुसऱ्याच कोणाच्या मांडवात शिरल्यावर उभी राहते. "हे शक्य नाही," ती म्हणाली. "उंच रिब खाली जाते आणि सपाट वर? मामा, तू काय केलंस?"

"मी? चाप ओढला."

"काहीतरी बदललंय. परवापेक्षा आज काहीतरी वेगळं आहे. आणि ते तुझ्यात आहे!"

त्या क्षणापासून मामाचं माणूसपण संपलं आणि त्याचं उपकरण झालं.

बदल कशात असेल? सदऱ्याच्या जाडीत? मामाला रोज एकच सदरा घालायचं फर्मान निघालं. बुटांच्या टाचेत? बूट ठरले. गालात? दस्त्यावर गाल टेकतो, तेव्हा गाल जाड झाला की डोळा वर जाणार! भाची जेवणाच्या टेबलावर जाडी मोजायचा चिमटा घेऊन आली आणि घास तोंडात असताना मामाचा डावा गाल, मग उजवा गाल, मग गिळल्यानंतर पुन्हा दोन्ही मोजले.

"हसू नकोस, मामा! हसलास की तीन मिलिमीटर वाढतात!"

"मी हसत नाहीये," मामा म्हणाला. "मला ठसका लागलाय."

"रोज सकाळी दाढी. खुंटांचीसुद्धा जाडी असते."

"यांना दाढी करा म्हणून मी इतकी वर्षं कंठशोष करतेय," मामी म्हणाली. "प्रयोगशाळाबाई, तुझा प्रयोग वर्षभर चालू दे!"

आता उरला डोळा. मामाने बंदूक खांद्याला लावली की त्याचा डोळा रिबच्या किती वर येतो, हे समोरून पाहायला मोठा आरसा हवा. आणि मोठा आरसा कुठे होता? दुकानात! चष्म्याच्या दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, आणि जागा अपुरी असली की तो आरशात बघून वाचायचा असतो. मामाच्या दुकानाची जागा अपुरीच होती.

दुपारची सामसूम बघून दोघं खाली आली. बंदूक रिकामी असल्याची खात्री भाचीने केली, मग मामाने केली, मग पुन्हा भाचीने केली. मामा आरशासमोर उभा राहिला, बंदूक खांद्याला लावली. भाची शेजारी स्टुलावर चढली आणि फूटपट्टी त्याच्या भुवईला लावली.

"आता अजिबात हलायचं नाही. श्वाससुद्धा हळू."

तेवढ्यात दार उघडलं. पोस्टातला कारकून चष्म्याचा नंबर काढायला आला होता. महिनाभर तो सांगत होता की त्याला दुसऱ्या ओळीच्या खालचं काही दिसत नाही. त्याने आत पाऊल टाकलं, समोर आरसा पाहिला, आणि आरशातून दोन नळ्या सरळ त्याच्याकडे बघत होत्या!

"या, या!" मामा ओठ न हलवता म्हणाला, कारण हलायचं नव्हतं. "दोनच मिनिटं. बसा ना. तोवर तक्ता वाचायला घ्या."

कारकून खुर्चीत बसला.  मग त्याने तक्ता वाचला. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी, चौथी, घडाघडा! सगळ्यांत खालची, मामालासुद्धा जिचा अंदाजच करावा लागतो, ती ओळ वाचली. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव आणि पत्ता होता. तोही वाचला!

"अहो, तुमचे डोळे उत्तम आहेत," मामा चकित होऊन म्हणाला.

"आहेत ना? आहेतच! येतो मी!"

दार आपटलं. फूटपट्टी हलली. भाचीला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

अशा बातम्यांना पाय नसतात, चाकं असतात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत एक आजी आजोबांना दंडाला धरून पायरीवर हजर! "यांना भाजी निवडायला बसवलं की दिसत नाही म्हणतात," आजी म्हणाल्या. "तुमची ती बंदुकीची तपासणी करून द्या जरा."

"अहो, तशी काही तपासणी नसते," मामा म्हणाला.

"दिसतंय, दिसतंय!" आजोबा घाईघाईने म्हणाले. "सगळं दिसतंय! मेथी आहे ना घरात? चल!"

म्हणजे दोन दिवसांत दोन गिऱ्हाईकं बरी होऊन गेली. चष्मेवाल्याला याहून मोठा तोटा नाही.

संध्याकाळी साडूचा फोन आला. "साडूभाऊ! बंदूक रोखून नंबर काढता म्हणे! मीही सुरू करू का दाढांसाठी? गुंगीच्या इंजेक्शनाची बचत!" तो स्वतःच खो खो हसला. "बरं ऐका. आमच्या घराला रंग लावतोय, वासाने हिला शिंकांवर शिंका. शनिवारी मुक्कामाला तुमच्याकडेच येतो. सकाळी तिथूनच मैदानावर जाऊ. गमबूट गाडीत टाकायला विसरू नका हं!"

मामाने फोन ठेवला. त्याचा चेहरा छर्रे लागलेल्या तबकडीसारखा झाला होता.

"मला पुन्हा तिथे उतरायचं नाहीये गं," तो भाचीला म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती. "गुडघ्यांचं सोड. तिथे खाली बसलं ना, की वरचे सगळे फोडतात त्याचा आवाज येतो आणि आपल्याला काहीच दिसत नाही. मला तबकडी फुटताना बघायला आवडतं. एवढंच."

 भाचीने चिमटा खिशात घातला आणि त्या रात्री मामाचा गाल मोजला नाही.

शनिवारी संध्याकाळी साडू आणि ताई आले. मामीने पाहुण्यांची खोली लख्ख केली होती. मग ती कपाटाकडे गेली आणि तिने पिशवीतला शुभ्र गठ्ठा काढला. भाचीने मोजमाप झाल्यावर चारही चादरी व्यवस्थित घडी करून होत्या तशा पिशवीत ठेवल्या होत्या. पुरावा कोणी फेकून देतं का?

मामीने ताईसमोर, थोड्या अभिमानानेच, चादर झटकली आणि गादीवर पसरली.

 चादरीवर शेकडो भोकं होती. मध्ये एक लाल फुली.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "कसर लागलीय तुझ्या कपाटाला!"

"माझ्या कपाटाला? कसर?" मामीने दुसरी चादर झटकली. तिलाही भोकं. तिसरीला तर जास्तच. "ताई, या चादरी मी फक्त तुझ्यासाठी राखून ठेवल्या होत्या गं! हातसुद्धा लावला नव्हता!"

"म्हणूनच लागते. वापरायला हव्यात. डांबराच्या गोळ्या तरी ठेवायच्यास!"

मामीचे डोळे भरून आले. भोकाभोकांच्या चादरीचं एक वेळ चालेल, पण थोरल्या बहिणीने आपल्या कपाटात कसर काढावी? साडू तोपर्यंत वाकून भोकं न्याहाळत होता. त्याचा जन्म भोकं न्याहाळण्यात गेला होता.

"ही कीड नव्हे," तो ताठ होत म्हणाला. "कडा बघा, स्वच्छ आहेत. आणि किडीच्या आधी लाल फुली कोण काढून ठेवतं? ही फुली बरोबर माझ्या पाठीखाली येते. साडूभाऊ, काही बोलायचंय का?"

मामा दारात उभा होता. "हवा खेळती राहते," तो म्हणाला.

आता भाचीला पुढे यावंच लागलं. तिने सगळं सांगितलं. सांगताना दाखवायला म्हणून चारही चादरी दिवाणखान्यात दोरीवर ओळीने टांगल्या. पहिल्या दिवशीच्या दोन डावीकडे, दुसऱ्या दिवशीच्या दोन उजवीकडे. मामी रागाने, ताई तोंडाला पदर लावून आणि साडू हाताची घडी घालून बसला.

"आणि इथे माझं अडलं," भाची शेवटी म्हणाली. "सदरा तोच, बूट तेच, गाल तोच. तरी उत्तर उलटं. मामा, तू जवळून बघ जरा, मी काही मोजायचं विसरले का?"

मामा चादरीजवळ गेला. जवळचं बघायचं म्हणून त्याने नाकावरचा चष्मा काढून कपाळावर सरकवला, कपाळावरचा गळ्यात सोडला आणि गळ्यातला नाकावर चढवला. गेली कित्येक वर्षं तो दिवसातून पन्नासदा हे करत होता. घरात कोणाच्याही डोळ्यांना ते दिसत नसे.

भाचीला ते त्या क्षणी दिसलं.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या दिवशी कुठला चष्मा होता?"

"हा मोठ्या काचांचा. लांबचा."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"हा छोटा. दोन नंबरांचा, वर लांबचं, खाली जवळचं. त्या दिवशी नवा माल आला होता ना! नवी फ्रेम आली की आधी आपल्या नाकावर, हा धंद्याचा नियम आहे. माझ्यासारखी फुकटची जाहिरात दुसरी..."

"मामा!!"

चारही चादरींनी एकदम बोलायला सुरुवात केली. सपाट रिबवर मान खाली घातली की छोट्या चष्म्याची काच संपते आणि नजर फ्रेमच्या वरून जाते. सगळं धूसर! म्हणून मामा नकळत मान उचलतो, डोळा वर येतो आणि छर्रेही वर. उंच रिबवर मान ताठ राहते, पण मग नजर काचेच्या खालच्या, जवळच्या नंबरात शिरते. पुन्हा धूसर! म्हणून मामा गाल दाबतो, डोळा खाली, छर्रे खाली. बंदुकांचा काही दोष नव्हता. त्या बिचाऱ्या मामाच्या मानेमागे धावत होत्या.

"म्हणजे उत्तर सोपं आहे!" भाची टाळी वाजवून म्हणाली. "मोठा चष्मा आणि उंच रिब. उद्या हेच!"

 मामीने पिवळट गठ्ठ्यातली चादर काढून पाहुण्यांना घातली. ताई म्हणाली की किती मऊ आहे.  साडूचाही चष्मा दोन नंबरांचा होता. जेवताना घास हातात धरून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे मान खाली घालून बघे, मग वर करून बघे, मग पुन्हा खाली.

"काय झालं भावोजी? मान लचकली का?" मामीने विचारलं.

"नाही. घड्याळ बघतोय."

सकाळी निघायच्या वेळी मामा मोठा चष्मा पुसत होता. त्याची एक काच किंचित हलत होती.

"द्या इकडे," साडू म्हणाला. त्याच्या बॅगेत त्याची हत्यारं कायम असत. "स्क्रू ढिला आहे. सैल काही राहू द्यायचं नाही, हे माझं तत्त्व. तोंडात काय आणि चष्म्यात काय!"

"अहो राहू द्या, मी करतो..." मामा म्हणेपर्यंत साडूने बारीक पेचकस लावला, एक पिळा दिला, दुसरा दिला, आणि घट्ट बसला की नाही हे पाहायला तिसरा दिला. कट्‌! काच मधोमध तडकली.

साडूने काच उजेडाकडे धरली. "मूळ कमकुवत होतं," तो म्हणाला.

नवी काच घासायला वेळ नव्हता. गळ्यातला चष्मा नुसता वाचण्याचा. राहिला कोण? तो छोटा, दोन नंबरांचा, जाहिरातीचा! मैदानावर पोचेपर्यंत मामा गाडीत गमबुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, आणि ती खाली ठेव असं त्याला सांगायचा कोणाला धीर झाला नाही.

मैदानावर भाची बंदुकांच्या पेटीसमोर उकिडवी बसली. छोटा चष्मा, उंच रिब: अकरा खाली. संपलंच. छोटा चष्मा, सपाट रिब: अठरा वर. मोठा चष्मा, उंच रिब: सोळा वर, आणि तेच तर हवं होतं.

ती ताडकन उठली.

"मामा! सपाट घे! चुकीच्या चष्म्यातून सपाट रिब उंच रिबसारखी वागते! दोनच सेंटिमीटरचा फरक! तबकडी मण्यावर बसलेली दिसली की काढ बार. मान उचलली जाते ना तुझी? उचलू दे! काही सुधारू नकोस! जसा चुकतोस तसाच चूक!"

"हे मला जमेल," मामा म्हणाला.

साडू पाठीमागे उभा राहून हे ऐकत होता. त्याने आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मान खाली घालून आकाशाकडे बघितलं.

सामन्यापुरते खड्ड्यात बंदूकवाले उतरले होते. मामा जागेवर आला. "पुल!" तो म्हणाला, म्हणजे 'सोडा तबकडी', पण इतक्या नम्रपणे की जणू कोणाला बसायला खुर्ची मागतोय. पहिली तबकडी सुटली आणि सुखरूप गवतात उतरली. दुसरीही. तिसऱ्या वेळी मामाची मान किंचित उचलली गेली, तबकडी मण्यावर बसली, आणि हवेत काळ्या धुळीचा एक ठिपका उमटला. मामाने बंदूक खाली घेतली आणि तो ठिपका विरेपर्यंत बघत राहिला. मामी बोटांवर मोजत होती. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, मग तिने ताईची बोटं घेतली.

पंचवीसपैकी तेरा.

"तेरा!" भाची ओरडली. "मामा, तेरा! गेल्या वर्षी किती होते?"

मामाने आठवून पाहिलं. "तेरा."

"आणि त्याच्या आधीच्या वर्षी?"

"तेराच."

 एकेक करून बाकीच्यांच्या फेऱ्या झाल्या. सोळा, एकोणीस, पंधरा, बावीस. मामाच्या खाली कोणी नव्हतं. राहिला होता फक्त साडू, आणि साडूचे गुण कधी वीसच्या खाली आलेले कोणाला आठवत नव्हते. मामाने पिशवीतून गमबूट काढून गवतावर ठेवले.

साडू जागेवर आला. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला. "पुल!" तबकडी सुटली. साडूने मान जरा वर केली, मग वाटलं काच चुकली, खाली केली, मग पुन्हा वर. तबकडी तोपर्यंत आपल्या घरी पोचली होती.

"चष्म्याचा कुठला भाग असतो हो बरोबर?" त्याने वळून विचारलं.

"वरचा!" भाची म्हणाली. "पण तुम्ही इतकी वर्षं कुठून बघायचात?"

"तेच तर आठवत नाहीये!" साडू कळवळून म्हणाला.

फेरी पुढे गेली. कधी तो तबकडीकडे कोंबड्यासारखा एका डोळ्याने बघे, कधी पाणी पिणाऱ्या पक्ष्यासारखी मान टाके. काही फुटल्या, कारण हाताला जुनी सवय होती. चोविसाव्या तबकडीनंतर त्याच्या नावावर बारा होत्या. शेवटची सुटली.  साडूची मान वर गेली, खाली आली आणि मधे थांबली. बार झाला. तबकडी सावकाश, अखंड, लांब गवतात जाऊन पडली. बारा, मामापेक्षा एक कमी!

बंदूकवाल्यांनी खड्ड्यातून डोकं वर काढलं. "मग? कुठली ठेवायची?"

"सपाट," मामा म्हणाला.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मामी म्हणाली. "चार चादरी वाचल्या असत्या."

साडूने घसा खाकरला. "नियम तसा जुना झालाय. मला वाटतं, चिटणिसाच्या बाबतीत थोडा फेरविचार..."

"नियम तुम्हीच केलात ना, भावोजी?" मामीने गोड आवाजात विचारलं.

"पण गमबूट साडूभाऊंच्या मापाचे आहेत!"

भाचीने खिशातून पोलादी फूटपट्टी काढली आणि गवतावर बसली. गमबूट, आतून: पंचवीस सेंटिमीटर. साडूचा पाय, मोज्यासकट: साडेसत्तावीस.

"चढवा, भावोजी," मामी म्हणाली. "सैल काही राहू द्यायचं नाही, हे तुमचंच तत्त्व ना?"